निर्मनुष्य स्टेशन आणि त्याचा उतारू

लहान स्टेशनाविषयीं लिहिण्याची एक ठराविक तऱ्हा अलीकडे आपल्याकडे रूढ झाली आहे. ओसाड फलाट, वाऱ्यानें करकरणारी पाटी, रुळांमध्यें वाढलेलें गवत, दूरवर विरत जाणारी शिट्टी, आणि शेवटीं 'आतां येथें कोणी उतरत नाहीं' असा एक सुस्कारा. एवढें साहित्य जमविलें कीं लेख सिद्ध झाला. प्रवासवर्णन असो, वृत्तपत्राची रविवारची पुरवणी असो किंवा चित्रपट असो, ह्या साहित्यांत फारसा फरक पडत नाहीं. वाचकांसही तें आवडतें. घटकाभर मन हळवें होतें, आणि हळव्या मनाला स्वतःची एक गोडी असते हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु जी गोष्ट वारंवार आवडते तिचीच परीक्षा अधिक कसोशीनें करावी, हा टीकेचा धर्म आहे. म्हणून ह्या स्टेशन-वाङ्मयाकडे थोडें बारकाईनें पाहण्याचें योजिलें आहे.

हा प्रश्न केवळ साहित्यिक आवडीनिवडीचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. रायगड जिल्ह्यांतील धाटाव हें गांव उदाहरणादाखल घ्या. कुंडलिकेच्या कांठीं तेथें रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. पण गांवाला स्वतःचें स्टेशन नाहीं, आगगाडी धरावयाची तर रोह्यास यावें लागतें. आणि रोहें हें एका अर्थानें सीमेवरचें स्टेशन होय. पनवेलकडून येणारा मार्ग १९८६ सालीं येथवर पोंचला, आणि कोंकण रेल्वे येथूनच दक्षिणेकडे निघते. मध्य रेल्वेची हद्द येथें संपते आणि १९९० सालीं स्थापन झालेल्या निराळ्या महामंडळाची हद्द सुरू होते. रूळ तोच, गाडी तीच, कारभारी मात्र बदलतो. पेण सोडल्यावर कासू, नागोठणें, निडी अशीं लहान स्टेशनें लागतात. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या त्यांच्याकडे न पाहतां निघून जातात. ज्यांच्या कामाची पाळी, शाळेची घंटा किंवा दवाखान्याची वेळ ह्या स्टेशनांच्या वेळापत्रकाशीं बांधलेली आहे, त्यांस वरील सुस्कारा ऐकून चमत्कारिक वाटल्यावांचून राहणार नाहीं. कारण त्यांच्या दृष्टीनें स्टेशन ओसाड नसतेंच. ते स्वतः तेथें उभे असतात.

येथें आपल्या जुन्या साहित्यशास्त्राची थोडी मदत घेणें सोयीचें होईल. रसाच्या कारणांस शास्त्रकारांनीं विभाव अशी संज्ञा दिली आणि त्याचे दोन भेद केले. ज्याच्यासंबंधानें भाव उत्पन्न होतो तो आलंबन विभाव. आणि चांदणें, उपवन, कोकिळेचा स्वर अशी जी भोंवतालची सामग्री तो भाव चेतविते ती उद्दीपन विभाव. हा भेद नुसता पांडित्याचा नाहीं. चांदणें कितीही वर्णिलें तरी नायक-नायिकांवांचून शृंगार उभा राहत नाहीं, आणि स्मशान कितीही भयाण रंगविलें तरी तेथें कोणाचें तरी कोणी गेलेलें असल्यावांचून करुण साधत नाहीं. आमच्या मतें आजच्या स्टेशन-वाङ्मयाचा मुख्य दोष नेमका हाच आहे. त्यांत उद्दीपनांची रेलचेल आहे आणि आलंबनाचा पत्ता नाहीं. गवत आहे, पाटी आहे, शिट्टी आहे. पण हें सारें ज्याच्याकरितां मांडलें गेलें तो उतारू कोठेंच दिसत नाहीं.

हा उतारू कसा नाहींसा होतो तें पाहण्यास जपानी भाषेंतील एक शब्द फार उपयोगी आहे. तिकडे खेड्यापाड्यांतील मार्गांवर अशीं पुष्कळ स्टेशनें आहेत, कीं जेथें कंपनीचा एकही नोकर नसतो. त्यांना 'मुजिन-एकी' म्हणतात, म्हणजे निर्मनुष्य स्टेशन. गाडी एकदोन डब्यांची असते व ती एकटा हांकणाराच चालवितो. चढणारा उतारू दाराजवळच्या यंत्रांतून आंकडा छापलेली एक चिठ्ठी घेतो. उतरतेवेळीं पुढल्या फलकावर त्या आंकड्याखालीं दाखविलेलें भाडें पाहतो, आणि तेवढे पैसे हांकणाऱ्याजवळच्या पेटींत टाकून खालीं उतरतो. पूर्वीं ज्या कामाला स्टेशनमास्तर, तिकिट देणारा, तिकिट घेणारा आणि गार्ड लागत, तें काम अर्धें हांकणाऱ्यानें आणि अर्धें उतारूनें वांटून घेतलें आहे. तेव्हां हें स्टेशन निर्मनुष्य कशावरून? तेथें मनुष्य आहे. इतकेंच नव्हे, तर तो पूर्वींपेक्षां अधिक काम करीत आहे. पण नांव ठेवणाऱ्यानें माणसें मोजतांना फक्त पगारदार मोजले, उतारू मोजला नाहीं. शब्दकोशांतील ही एवढीशी गफलत पुढें सगळ्या वाङ्मयाची गफलत झाली.

आपल्याकडील 'हॉल्ट' ह्या शब्दाची कथा ह्याहून फार निराळी नाहीं. ज्या स्टेशनावरून पुढल्या स्टेशनाची परवानगी घेऊन गाडी सोडली जाते, तें रेल्वेच्या दृष्टीनें खरें कारभाराचें स्टेशन. हॉल्टला तो अधिकार नसतो. तेथें सांधे नसतात, एक गाडी बाजूला घेऊन दुसरीस वाट करून देण्याची सोय नसते. तिकिटें बहुधा दलालीवर नेमलेला त्याच भागांतील माणूस विकतो. गाड्यांच्या हालचालींच्या हिशेबांत हॉल्ट धरलाच जात नाहीं. त्याला अस्तित्व येतें तें केवळ एका कारणानें, कीं तेथें कोणाला तरी चढावयाचें असतें व कोणाला तरी उतरावयाचें असतें. मोठ्या स्टेशनांतून उतारू वजा केला तरी पुष्कळ कांहीं शिल्लक राहील; हॉल्टमधून तो वजा केला तर बाकी शून्य. म्हणून लहान स्टेशनाविषयीं लिहितांना उतारूला विसरणें हा इतर ठिकाणीं क्षम्य ठरेल असा दोष येथें मूळावरच येतो.

महाराष्ट्रांत ह्या विस्मरणाचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वऱ्हाडांतील 'शकुंतला'. मूर्तिजापूर हें मुख्य मार्गावरचें स्टेशन. तेथून एक अडीच फुटी रूळ दारव्ह्याकडून यवतमाळास जाई आणि दुसरा दर्यापूर-अंजनगांवावरून अचलपुरास. पहिला सुमारें ११३ किलोमीटरांचा, दुसरा सुमारें ७६ किलोमीटरांचा. किलिक निक्सन ह्या इंग्रज पेढीनें काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं हा मार्ग बांधला, तो वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरास आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांस पोंचविण्यासाठीं. पुढें इंग्रज गेले, देशांतील रेल्वेचें राष्ट्रीयीकरण झालें, पण हा मार्ग करारनाम्याच्या आधारानें कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि सरकारी रेल्वे त्यावर गाडी चालवीत राहिली. मँचेस्टरला १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत ही गाडी ओढीत होतें. मग डिझेलचें इंजिन आलें. मधल्या स्टेशनांवर माणसें उरलीं नव्हतीं; तेव्हां तिकिटें देणें, वाटेंतलें फाटक लावणें आणि गाडी गेल्यावर पुन्हां उघडणें, हीं कामें गाडीबरोबर फिरणाऱ्या माणसांनींच करावीं असा परिपाठ पडला. गेल्या कांहीं वर्षांपासून ती गाडी बंद आहे.

शकुंतलेवर लिहिलें गेलें तें थोडें नाहीं. परंतु त्या सर्व लेखनाची वर्गवारी केली तर तीन ठसे उमटलेले दिसतात. पहिला ठसा अद्भुताचा: 'स्वतंत्र हिंदुस्थानांत अजून एक रेल्वे इंग्रज कंपनीची!' दुसरा हास्याचा: गाडीच्या पुढें सायकलवाला निघून जातो, उतारू चालत्या गाडींतून उतरून पुन्हां चढतो, वगैरे. आणि गाडी बंद पडल्यावर तिसरा ठसा करुणाचा: पुन्हां तेंच गवत, तीच गंजलेली पाटी. ह्या तिन्हींत वाचण्यासारखें कांहीं नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. करारनाम्याची हकीकत खरोखरच विस्मयकारक आहे. पण आश्चर्य वाटतें तें मालकाविषयीं, हंसूं येतें तें इंजिनाविषयीं, आणि रडूं येतें तें इमारतीविषयीं. यवतमाळच्या बाजूचा शेतकरी, मूर्तिजापुरास मोठी गाडी धरणारा विद्यार्थी, नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाच्या दर्शनासाठीं कारंजास उतरणारी म्हातारी, हीं माणसें त्या लेखांत डोकावलींच तर गर्दी म्हणून डोकावतात. व्यक्ति म्हणून त्यांना प्रवेश नाहीं. कापसासाठीं बांधलेल्या गाडींत माणसें बसूं लागलीं आणि तिला आपली म्हणूं लागलीं, ही त्या मार्गाच्या इतिहासांतील खरी घडामोड होय. परकीयानें आपल्या सोयीसाठीं मांडलेली वस्तु लोकांनीं वापरून वापरून स्वतःची केली. ह्यापेक्षां मोठें नाट्य त्या करारनाम्यांत नाहीं.

गाडीला लोकांनीं शकुंतला म्हणावें, ह्यांत योगायोगानें एक मोठें मर्म सांपडलें आहे. कालिदासाच्या नाटकांत राजा शकुंतलेला विसरतो, आणि त्याची स्मृति परत येते ती अंगठीमुळें. पण अंगठी राजाकडे आणतो कोण? दरबारांतील कोणी पंडित नव्हे, मंत्री नव्हे, एक धीवर. माशाच्या पोटांत त्याला ती मिळते, शिपाई त्याला चोर समजून बांधून आणतात, आणि त्या बिचाऱ्याच्या तोंडून जी साधी हकीकत निघते तिनें सगळ्या नाटकाची दिशा पालटते. आमच्या वऱ्हाडी शकुंतलेच्या बाबतींत करारनामा हीच अंगठी असें समजून प्रत्येक लेखक ती हातांत धरून फिरवून दाखवितो. परंतु धीवराला अद्याप कोणी दरबारांत आणलेलें नाहीं. ज्या दिवशीं त्या मार्गावरचा उतारू आपल्या तोंडानें बोलेल, त्या दिवशीं शकुंतलेची ओळख पटेल. तोंपर्यंत जें चाललें आहे तें केवळ अंगठीचें कौतुक.

आतां ज्या देशानें 'निर्मनुष्य स्टेशन' हा शब्द घडविला, त्यानें त्याच्या कथा कशा सांगितल्या हें तुलनेसाठीं पाहूं. तीन कथा घेतल्या म्हणजे पुरे.

पहिली 'पोप्पोया', म्हणजे रेल्वेचा माणूस. आसादा जिरो ह्यांची ही कथा. तिच्यावरून १९९९ सालीं चित्रपट निघाला आणि त्यांत ताकाकुरा केन ह्या विख्यात नटानें काम केलें. उत्तरेकडील होक्कायदो बेटावर, बंद पडूं घातलेल्या फांट्याच्या शेवटच्या स्टेशनाचा हा म्हातारा मास्तर. मुलगी गेली तेव्हां आणि पत्नी गेली तेव्हांही तो आपली जागा सोडून गेला नाहीं. शेवटच्या हिंवाळ्यांत मेलेली मुलगी निरनिराळ्या वयांच्या रूपांनीं त्याला भेटावयास येते. येथें आलंबन आहे, आणि म्हणून करुण साधला आहे. हा चित्रपट आमच्या मतें वरच्या दर्जाचा. पण त्याचाही विचार करतां एक शंका मनांत उरते. मास्तरानें कर्तव्यासाठीं सर्वस्व दिलें, तें कर्तव्य कोणाविषयींचें? ज्याच्यासाठीं निशाण दाखवावयाचें तो उतारू चित्रांत जवळजवळ नाहींच. कर्तव्य रुळांविषयीं आहे, टोपीविषयीं आहे. ह्याचें प्रत्यंतर पुढें वास्तवांतही आलें. चित्रीकरण झालें तें इकुतोरा नांवाच्या खऱ्याखुऱ्या स्टेशनावर. त्या बाजूचा मार्ग २०१६ च्या ऑगस्टमधील वादळानें मोडला, त्यावर पुन्हां गाडी आली नाहीं, आणि २०२४ च्या एप्रिलपासून तो कायमचा बंद झाला. चित्रपटाचें स्टेशन म्हणून पाहणारे लोक मात्र तेथें येतच राहिले. उतारू नसलेल्या कथेनें प्रेक्षक निर्माण केले. उतारू तिला निर्माण करतां आले नाहींत.

दुसरी कथा २०१६ च्या जानेवारींत जगभर फिरली. त्याच बेटावर क्यू-शिराताकी नांवाचें एक स्टेशन होतें. तें केवळ एका शाळकरी मुलीसाठीं चालू ठेवलें असून ती शाळेंतून उत्तीर्ण होईपर्यंत कंपनी तें बंद करणार नाहीं, अशी ती कथा. स्टेशन खरें, मुलगी खरी, आणि त्या मार्चच्या अखेरीस तें बंद झालें हेंही खरें. पण जपानांत शाळेचें वर्ष मार्चांत संपतें आणि रेल्वेचें वेळापत्रकही साधारणपणें मार्चांतच बदलतें. स्टेशन बंद झालें तें उतारू फार थोडे म्हणून. आणि गाडीही तिच्या एकटीसाठीं धांवत नव्हती. दोन गोष्टी एका महिन्यांत घडल्या आणि सांगणाऱ्यांनीं त्यांच्यांत कार्यकारणभाव जोडला. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडावी, त्याला आपण काकतालीय न्याय म्हणतों. ही कथा त्या न्यायाचा उत्तम मासला आहे. तरीही ती लोकांच्या हृदयाला कां भिडली? कारण एवढ्या सगळ्या स्टेशन-कथांमध्यें एकदां कोठें तरी उतारू दिसला! लोक आलंबनासाठीं किती भुकेले होते, तें ह्यावरून कळतें. दोष एवढाच, कीं उतारूला दाखवितांना कथेनें त्याला याचक करून टाकलें. भाडें भरून गाडींत बसणाऱ्या मुलीचा हक्क हा कंपनीचा उपकार होऊन बसला. औदार्याची स्तुति करतांना व्यवस्थेचें ऋण पुसलें गेलें.

तिसरी कथा मांजराची आहे, आणि ती पहिल्या दोहोंपेक्षां अधिक विचार करण्यासारखी आहे. वाकायामा शहराजवळचा किशिगावा हा सुमारें १४ किलोमीटरांचा मार्ग. जुन्या खासगी कंपनीनें तो तोट्यामुळें सोडून देण्याचें ठरविलें. तेव्हां रहिवाशांनीं संघटना उभारली, स्थानिक सरकारांनीं जमिनीचा भार उचलला, आणि २००६ च्या एप्रिलमध्यें नवी कंपनी मार्ग चालवूं लागली. शेवटचें स्टेशन किशी. तेथील नोकर काढून घेतलेले, म्हणजे शब्दशः निर्मनुष्य. शेजारच्या दुकानदारीण बाईंची तामा नांवाची एक मांजरी तेथें वावरत असे. नव्या कंपनीच्या अध्यक्षांनीं २००७ च्या जानेवारींत तिलाच स्टेशनमास्तर नेमलें, टोपी दिली आणि पगार म्हणून खाणें बांधून दिलें. तिला पाहण्यासाठीं दुरून लोक येऊं लागले. २०१० सालीं स्टेशनाची इमारतही मांजराच्या तोंडाच्या आकाराची झाली. २०१५ सालीं तामा वारली तेव्हां तिची देवता म्हणून प्रतिष्ठा करण्यांत आली.

गंभीर वाचक ह्या कथेस पोरखेळ म्हणतील. आम्हांस मात्र तिघांत हीच अधिक प्रामाणिक वाटते. निर्मनुष्य स्टेशनांत मनुष्य नेमावयास पैसे नाहींत, म्हणून मांजर नेमलें, ह्यांत एक मार्मिक विनोद आहे, आणि विनोदाचा गुण असा कीं तो स्वतःला सत्य म्हणवून घेत नाहीं. मांजरीनें मार्ग वांचविला असें कोणी म्हटलें तरी ऐकणारा हंसतो, आणि हंसणाऱ्याला पुढला प्रश्न विचारण्याची मोकळीक राहते: मग खरोखर वांचविला कोणी? त्याचें उत्तर तयार आहे. मांजरीला टोपी मिळण्यापूर्वींच, 'आम्हांला ही गाडी हवी आहे' असें म्हणून उतारू उभे राहिले होते. करुणकथेंत हा प्रश्न विचारणें असभ्यपणाचें वाटतें. डोळे पुसणाऱ्याला कोणी हिशेब विचारीत नाहीं. म्हणून ह्या एका प्रांतांत तरी हास्य हें करुणाहून सत्याच्या अधिक जवळ राहिलें, असा आमचा निष्कर्ष आहे.

पुन्हां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. रायगडांतच एक मार्ग असा आहे, कीं ज्याच्या लहान स्टेशनांचीं नांवेंच त्यांची समीक्षा सांगतात. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी रुळांची गाडी आदमजी पीरभॉय ह्यांच्या कुटुंबानें खासगी भांडवलावर बांधविली. काम १९०४ सालीं सुरू झालें आणि १९०७ च्या मार्चमध्यें मार्ग खुला झाला. सुमारें २१ किलोमीटरांच्या ह्या चढावर जुम्मापट्टी, वॉटर पाईप आणि अमन लॉज अशीं मधलीं स्टेशनें आहेत. 'वॉटर पाईप' हें नांव कोणा कवीनें ठेवलें नाहीं. चढ चढून तहानलेल्या इंजिनाला जेथें पाणी मिळे तें वॉटर पाईप. जुम्मापट्टीस एकेरी मार्गावरच्या समोरासमोरच्या गाड्या एकमेकींस वाट देतात. स्टेशन म्हणजे काम, हा अर्थ ह्या ठिकाणीं आरशासारखा स्पष्ट आहे. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीनें हा मार्ग उखडला व २००७ सालीं पुन्हां सुरू झाला. २०१९ च्या पावसांत पुन्हां मोडला आणि सबंध मार्गावर गाडी आली ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्यें. दोन्ही वेळां त्याविषयीं जें लिहिलें गेलें तें सहलीला जाणाऱ्यांच्या आनंदाविषयीं. वळणें, दरी, माकडें, खिडकीशीं बसलेलीं मुलें, सर्व कांहीं आलें. त्याच उतारावर आदिवासींच्या वाड्या आहेत आणि तेथील माणसें बाजारासाठीं व मजुरीसाठीं रोज डोंगर चढतात-उतरतात, हें मात्र त्या वर्णनांतून गळालें. लेखक स्वतः गाडींत बसलेला असतो. मधल्या स्टेशनावर उभ्या असलेल्या माणसाला तो देखाव्याचाच भाग समजतो. दोघांची नजरानजर होते, ओळख होत नाहीं.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो दुबळा नाहीं. कोणी म्हणेल, 'उतारू उरलेच नसतील तर लेखकानें ते कोठून आणावे? रिकामेपण हीही वस्तुस्थितीच आहे, आणि तिचें चित्र काढण्याचा कलेस अधिकार आहे.' अधिकार आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु रिकामेपण हें मूळचें नसतें. तें घडविलें जातें, आणि त्याला क्रम असतो. आधीं एक फेरी कमी होते. राहिलेली गाडी अवेळीं येऊं लागते. शाळेची घंटा होऊन गेल्यावर, किंवा पाळी सुरू झाल्यावर. मग विद्यार्थी एस्. टी. धरतो, कामगार भाड्याच्या रिक्षांत कोंबून घेतो. पुढल्या वेळीं मोजणी होते तेव्हां उतारू थोडे भरतात, आणि थोडे भरले म्हणून आणखी एक फेरी जाते. शेवटीं फलाटावर गवत उगवतें आणि मग लेखक येतो. तो आला तेव्हां स्टेशन रिकामें होतें हें खरें. पण उतारू आधीं गेला कीं गाडी आधीं गेली, हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं तर त्याचें चित्र अर्धें राहिलें. करुणाला कारण लागतें. कारणावांचूनचा करुण म्हणजे निव्वळ हुरहूर. तिची नशा चढते, पण तिनें कोणाची समजूत वाढत नाहीं.

शिवाय ह्या हुरहुरीचा एक व्यावहारिक परिणाम आहे, आणि त्याची जबाबदारी वाङ्मयानें झटकून टाकतां कामा नये. जी वस्तु वारंवार मृत म्हणून वर्णिली जाते, ती मारणें सोपें होतें. मागच्या पिढीची आठवण म्हणून ज्या स्टेशनाचें कौतुक होतें, त्याच्या गाडीची वेळ दहा मिनिटें अलीकडे घ्या अशी मागणी मग कोणी कोणाकडे करावी? स्मारकाला वेळापत्रक नसतें. सुशिक्षित कुटुंबांतील वाचक, ज्यांच्या घरीं दाराशीं वाहन आलें आहे, ते असें लेखन प्रेमानें वाचतात, आणि त्यांना पुसटशीही शंका येत नाहीं कीं त्यांच्या ह्या प्रेमानें जिवंत माणसांच्या सोयीला श्राद्धाचें स्वरूप येत आहे.

मग चांगलें स्टेशन-वाङ्मय कोणतें? आम्ही त्यासाठीं मोठे नियम घालून देत नाहीं. तीन साध्या गोष्टी लेखांतून वाचकाला कळाव्या: गाडी केव्हां येते, कोण उतरतो, आणि उतरून तो कोठें जातो. ह्या तिहींचीं उत्तरें ज्या लेखांत आहेत, त्यांत गवत आणि शिट्टी कितीही आली तरी तीं आपापल्या जागीं शोभतील, कारण त्यांना आलंबन मिळालेलें असेल. रोह्यास उतरून धाटावच्या कारखान्याकडे जाणारा माणूस घ्या. गाडीला उशीर झाला तर त्याची पाळी चुकते, पाळी चुकली तर पगार कापला जातो, आणि परतीची गाडी चुकली तर घरचें जेवण थंड होतें. ह्यांत अद्भुत कांहीं नाहीं, आणि करारनाम्यासारखें नाट्यही नाहीं. परंतु फलाटावरच्या घड्याळाकडे त्यानें टाकलेल्या एका दृष्टिक्षेपांत जेवढा भाव आहे, तेवढा शंभर गंजलेल्या पाट्यांच्या वर्णनांत नाहीं.

पेण आणि रोहें ह्यांच्या दरम्यानच्या एखाद्या लहान स्टेशनावर आज ना उद्यां कोणी तरी लेख लिहिणार, हें ठरलेलेंच आहे. त्या लेखकाला आमची एवढीच विनंती, कीं त्यानें भर दुपारीं, फलाट रिकामा असतांना न जातां गाडीच्या वेळेवर जावें, आणि जो माणूस तेथें उभा असेल त्याला आधीं विचारावें. गवताचें वर्णन मागाहून केलें तरी चालेल. तें कोठें जात नाहीं.